तेव्हाच का नाही सांगितलं?

एखादी पस्तिशीतली स्त्री सांगते की, लहानपणी सुट्टीत घरी येणाऱ्या एका नातेवाइकाने तिच्याशी वारंवार गैरवर्तन केले होते. ऐकणाऱ्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हाच: "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" विचारणारा दुष्ट नसतो, बहुतेक वेळा तिच्या जवळचाच असतो. पण त्या प्रश्नाच्या पोटात एक हिशेब असतो. खरे असते तर सांगितले असते. सांगितले नाही म्हणजे एक तर तसे काही झाले नाही, किंवा झाले ते फार गंभीर नव्हते, किंवा तिचीही फारशी हरकत नव्हती. हे तिन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. ते का चुकीचे आहेत हे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत मानसशास्त्राने बऱ्यापैकी उलगडून दाखवले आहे. ते आपल्या सभासदांपर्यंत, विशेषतः माझ्या वयाच्या आजी-आजोबांपर्यंत पोहोचावे म्हणून हा लेख. आपल्या संकेतस्थळावर सणवार, पाककृती आणि प्रवासवर्णने अधिक शोभतात हे मलाही कळते. पण ज्या घरांत सणवार होतात त्याच घरांत मुले वाढतात.

आधी थोडे आकडे. २००७ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने बालकांच्या छळाची एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी त्यात बोलणे झाले होते. गुजरात, महाराष्ट्र, गोवा आणि मध्य प्रदेश ही चारही राज्ये त्यात होती. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचे सांगितले. बँकेत आयुष्य घालवलेला माणूस आकडा दिसला की आधी त्याची व्याख्या तपासतो. इथे जबरदस्तीने मुका घेण्यापासून बलात्कारापर्यंत सगळे प्रकार एकत्र धरलेले आहेत. फक्त गंभीर प्रकार वेगळे काढले तर आकडा २१ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे पाचांत एक. छळ झालेल्यांत मुलग्यांचे प्रमाण निम्म्याहून थोडे जास्तच होते. निम्मे गुन्हेगार मुलाच्या ओळखीचे, विश्वासाच्या जागेवरचे होते. आणि बहुसंख्य मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती.

पोलिसांपर्यंत पोहोचलेल्या प्रकरणांत तर ओळखीच्या माणसांचे प्रमाण दरवर्षी नव्वद टक्क्यांच्या वर असते, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल सांगतात. त्यात पळून गेलेल्या अल्पवयीन प्रेमी जोडप्यांची प्रकरणेही असतात, हे खरे. ती बाजूला ठेवली तरी घरातले, शेजारचे आणि येण्याजाण्यातले यांचाच भरणा राहतो. आपण मुलांना शिकवतो मात्र काय? "अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नकोस."

माणूस कसा असतो

तो तसा दिसत नाही, हीच मुख्य अडचण आहे. चित्रपटातला लाळघोट्या नजरेचा खलनायक डोक्यात ठेवून आपण आजूबाजूला पाहतो आणि तसा कोणी न दिसल्याने निश्चिंत होतो. प्रत्यक्षात असे करणारे अनेक जण विवाहित असतात, नोकरीधंद्यात स्थिर असतात, मंडळाच्या कामात पुढे असतात. लहान मुलांबद्दलच लैंगिक आकर्षण असणे ही एक मनोविकृती आहे आणि मानसोपचारतज्ज्ञ तिचे स्वतंत्र निदान करतात. पण मुलांचा छळ करणाऱ्या सगळ्यांना ती नसते. अनेकांच्या बाबतीत सत्ता गाजवण्याची हौस, हाती आलेली संधी, दारू, आणि "याने काही बिघडत नाही" अशी स्वतःची समजूत एवढे पुरते. करणारा नेहमी प्रौढच असतो असेही नाही. अमेरिकेतील पोलिसांच्या नोंदींचा अभ्यास झाला तेव्हा मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांतील सुमारे एक तृतीयांश गुन्हेगार स्वतःच अल्पवयीन निघाले. म्हणजे मोठा चुलतभाऊ, मामेभाऊ, शेजारचा दादा.

असा माणूस एकदम काही करत नाही. तो आधी घर जिंकतो. आजारपणात धावून येतो, मुलाला शाळेतून आणतो, गणित शिकवतो, वाढदिवसाला इतरांपेक्षा भारी भेट देतो. आईवडील म्हणतात, "किती जीव लावतो पोरांना!" मग मुलाशी एक छोटे गुपित तयार होते, आणि ते निरुपद्रवी असते: "आपण आइस्क्रीम खाल्लं ते आईला सांगू नकोस, ती रागावेल." मुलाने ते गुपित पाळले की परीक्षा झाली. पुढे गुदगुल्या, मांडीवर घेणे, खेळता खेळता हात लागणे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीशीच वर असते, म्हणून नेमक्या कोणत्या पायरीवर ओरडायचे हे मुलाला कळत नाही. या प्रक्रियेला इंग्रजी शब्दच रूढ झाला आहे, ग्रूमिंग. मराठीत म्हणायचे तर माणूस मुलाला माणसाळवतो, जनावराला माणसाळवतात तसा. आणि त्याच वेळी तो मुलाच्या आईबापांनाही माणसाळवत असतो.

मूल का बोलत नाही

रोलंड समिट नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९८३ मध्ये एक निबंध लिहिला. अशा मुलांचे जे वागणे मोठ्यांना खोटेपणाचे लक्षण वाटते, तेच वागणे त्या परिस्थितीत स्वाभाविक कसे असते हे त्याने त्यात मांडले. गुप्तता, असहायता, अडकून पडणे व जुळवून घेणे, उशिरा आणि अडखळत सांगणे, आणि शेवटी सांगितलेले मागे घेणे, अशा पाच गोष्टी त्याने सांगितल्या. काही न्यायालयांत त्याचा निबंध छळाचा पुरावा म्हणून वापरला जाऊ लागला, तेव्हा ही निदानाची कसोटी नाही, असे समिटलाच नंतर सांगावे लागले. ही वर्तणूक दिसली म्हणजे छळ झालाच, असा अर्थ निघत नाही. पण ती दिसते म्हणून छळ झाला नाही, असा अर्थही निघत नाही.

आपल्या घरातले चित्र डोळ्यांसमोर आणून पाहू. समजा, आठ वर्षांची मुलगी आहे. घरात लग्नकार्य, पुण्या-मुंबईचे पाहुणे आलेले, रात्री हॉलमध्ये ओळीने अंथरुणे घातलेली. शेजारी झोपलेला, सगळ्यांचा लाडका असा एक मोठा माणूस अंधारात काही करतो. ती काय करते? बहुधा काहीच नाही. डोळे मिटून पडून राहते. अतिभयाच्या क्षणी लढणे किंवा पळणे याखेरीज शरीर तिसरी गोष्टही करते, ते थिजते. हे मोठ्यांच्याही बाबतीत होते. अंगात आवाजच उरत नाही. मुलाला मात्र पुढे आयुष्यभर वाटत राहते की, आपण ओरडलो नाही म्हणजे आपणच होऊ दिले.

सकाळी तो माणूस सगळ्यांबरोबर पोहे खातो, हसतो, तिच्या वेणीची थट्टा करतो. काल रात्रीचे जग आणि आत्ताचे जग यांत काही दुवाच नाही. मोठी माणसे इतकी सहज वागत आहेत, तर चूक माझ्याच कळण्यात असेल, असे मुलाला वाटते. आणि सांगायचे म्हटले तर कोणत्या शब्दांत? आपल्या घरांतून मुलांना नाक, कान, गुडघा, कोपर सगळे शिकवले जाते. मधल्या भागाला नाव नसते. "शूची जागा", "तिथे", नाहीतर "शी, असं बोलायचं नाही." ज्या अवयवाचे नाव घेणेच वाईट, त्याबद्दल तक्रार कशी करणार? "दादा मला त्रास देतो", "मला त्यांच्याकडे नाही जायचं" एवढेच ते बोलू शकते, आणि आपण म्हणतो, "असं नाही म्हणू, किती प्रेमानं बोलावतात ते." पुष्कळ मुलांनी खरे तर सांगितलेले असते, ते आपल्याला ऐकू आलेले नसते.

या बाबतीत मराठीला शब्दांची उणीव आहे असे कोणी म्हणू नये. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक केवळ याच विषयासाठी चालवले, अश्लीलतेचे खटले सोसले, आणि स्वच्छ मराठीत लैंगिक प्रश्नांची उत्तरे दिली. एका खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. शब्द तेव्हापासून आहेत. घरात उच्चारले जात नाहीत, इतकेच.

त्यात आपल्या संस्कारांची भर पडते. मोठ्यांचे ऐकावे, उलट बोलू नये, पाहुण्यांच्या पाया पडावे, काकांना पापी द्यावी. यात वाईट काही नाही. मीही नातवंडांना पाया पडायला सांगतो. पण मूल अंग चोरत असताना "अगं दे ना पापी, काका रुसतील" असा आग्रह आपण धरतो, तेव्हा नकळत एक धडा देतो: तुझ्या अंगावर तुझ्यापेक्षा मोठ्यांच्या खुशीचा हक्क जास्त. नमस्कार लांबूनही होतो. तेवढी सूट मुलाला दिल्याने कुळाचार बुडत नाही.

आणखी एक कारण आहे, ते कोणी बोलत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. स्पर्शाला शरीर आपोआप प्रतिसाद देते. गुदगुल्या नको असताना हसू येते, तसेच ते असते. त्यावर इच्छेचा ताबा नसतो. भीती आणि किळस वाटत असतानाही शरीराने असा प्रतिसाद दिला, तर मूल, विशेषतः वयात येणारा मुलगा, हादरून जातो. "म्हणजे मला हे हवं होतं का?" हा प्रश्न त्याला पुढे कित्येक वर्षे पोखरतो, आणि त्रास देणारा माणूसही तेच त्याच्या तोंडावर फेकतो. शरीराचा प्रतिसाद म्हणजे संमती नव्हे. मुलाला समज येईल तेव्हा हे एक वाक्य कोणीतरी सांगायला हवे.

मुलग्यांचे मौन मुलींपेक्षा घट्ट असते. "मुलीसारखा रडतोस काय" हे ऐकत वाढलेल्या पोराने काय सांगावे? शिवाय त्रास देणारा पुरुष असेल तर लोक आपल्याला काय समजतील, ही धास्ती. आणि स्त्री असेल तर मित्र म्हणतील, नशीबवान आहेस. आपल्याकडे काळजी मुलीची घेतली जाते. मुलगा कोणाबरोबरही, कुठेही, रात्री कितीही वाजता.

धमकी प्रत्येक वेळी दिली जातेच असे नाही. "तू सांगितलंस तर आई आजारी पडेल", "बाबा तुला होस्टेलवर ठेवतील", "मी तुरुंगात जाईन, मग तुझ्या ताईचं काय?" एवढे पुरते. घर सांभाळण्याची जबाबदारी आठ वर्षांच्या खांद्यावर येते, आणि ती ते मूल निमूटपणे पेलते. त्रास देणारा माणूसच जेवूखाऊ घालणारा, फी भरणारा असेल तर प्रश्न आणखी बिकट. अशा वेळी मूल त्याच्याशी प्रेमाने वागतानाही दिसते, कारण ज्याच्यावर जगणे अवलंबून आहे त्याच्याबद्दल वाईट मत करून घेणे मुलाला परवडत नाही. बाहेरचा माणूस पाहतो आणि म्हणतो, "असं काही असतं तर ती त्याच्या स्कूटरवर बसली असती का?"

समिटने सांगितलेल्या शेवटच्या गोष्टीबद्दल थोडे. मूल धीर करून सांगते. घरात भूकंप होतो. आई रडते, आजी जेवत नाही, दोन कुटुंबांचे बोलणे तुटते, कोणी तरी म्हणते की, "पोरीच्या एका वाक्यानं घराचं वाटोळं झालं." चार दिवसांनी मूल म्हणते, "मी खोटं बोलले." आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. खोटे बोललो हे कबूल करताच जग पूर्ववत होते, हे मुलाला दिसलेले असते. म्हणून माघार घेतलेल्या तक्रारीची चौकशी अधिक काळजीने व्हायला हवी, कमी नव्हे.

सांगितले तर

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्याला पाठ असते, आणि अशा वेळी ती फार घात करते. मुलाने सांगितल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत घरातले मोठे माणूस काय करते, यावर पुढचे बरेच काही ठरते. मुलाच्या सावरण्यात सर्वांत मोठा वाटा असतो तो आईने किंवा जवळच्या मोठ्या माणसाने विश्वास ठेवण्याचा, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. घडलेला प्रकार किती गंभीर होता, याच्याइतकेच, कधी कधी त्याहून अधिक, हे महत्त्वाचे ठरते.

म्हणजे करायचे काय? शांत बसून ऐकायचे. "सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही." एवढे बोलायचे, आणि मुलाच्याच शब्दांत ते सांगेल तितके ऐकायचे. "त्यानं इथे हात लावला का? मग असं केलं का?" अशी उत्तरे तोंडात घालणारी उलटतपासणी करायची नाही, त्याने मूल गोंधळते आणि पुढे न्यायालयात त्याचाच फायदा आरोपीला मिळतो. आई, मग बाबा, मग आजोबा, मग आत्या, असे पाच जणांसमोर पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचे नाही. "मी कोणालाच सांगणार नाही" असे वचन द्यायचे नाही, कारण ते पाळता येणार नाही. त्या माणसाला घरी बोलावून समोरासमोर "सोक्षमोक्ष" तर मुळीच लावायचा नाही. मुलाला त्याच्यासमोर उभे करणे म्हणजे पुन्हा तीच खोली, तोच अंधार.

मूल न सांगताही काही खुणा दिसतात. एकाएकी अंथरूण ओले होणे, विशिष्ट घरी जायला नकार, झोपेत दचकणे, वयाला न शोभणारी लैंगिक माहिती किंवा खेळ, अभ्यासात अचानक घसरण. यांतली कोणतीही खूण दुसऱ्या शंभर कारणांनी असू शकते. खुणा पाहून निकाल द्यायचा नाही, मुलाजवळ जरा जास्त बसायचे.

"मुलाचं आयुष्य नासलं" हे उद्गारही आवरावेत. ते खरे नाही आणि मुलाने ते ऐकले तर खरे होऊ लागते. काहींना पुढे नैराश्य येते, काहींना लग्नानंतर जवळिकीची भीती वाटते, शरीरसंबंध नकोसे होतात, आणि जोडीदाराला त्याचे कारण कळत नाही. समुपदेशनाने यावर पुष्कळ काम होऊ शकते, वयाच्या चाळिशीतही. ज्यांच्यावर अन्याय झाला ते पुढे स्वतः तसेच करतात, असा एक समज पसरलेला आहे. बहुसंख्यांच्या बाबतीत तो चुकीचा आहे, आणि त्या बिचाऱ्यांवर दुसरा अन्याय आहे.

कायद्याबद्दल थोडक्यात. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पॉक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, लागू आहे. अठरा वर्षांखालील मुलगा व मुलगी दोघांनाही तो सारखाच लागू होतो. असा गुन्हा झाल्याचे ज्याला कळले त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. मंडळांच्या अध्यक्ष-सचिवांनी हे वाक्य दोनदा वाचावे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरच करते. मुलाची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. स्पर्श कपड्यांवरून झाला म्हणून तो या कायद्यात बसत नाही, असा निकाल जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिला होता. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि स्पर्शामागचा लैंगिक हेतू महत्त्वाचा, हे स्पष्ट केले. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक विनाशुल्क आणि चोवीस तास चालतो. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून तो सुरू झाला. मूल स्वतःही तो फिरवू शकते, म्हणून तो नातवंडांना पाठ करून द्यावा.

"घरातलं घरात मिटवावं, कायदा मध्ये आणू नये" हे म्हणणे नवे नाही. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. त्यानंतर १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा केले, तेव्हा महाराष्ट्रात रण माजले. परक्या सरकारने आमच्या घरात व धर्मात हात घालू नये, ही टिळकांची बाजू. आगरकर कायद्याच्या बाजूने. टिळकांबद्दल मला नितांत आदर आहे, पण या प्रश्नात आगरकरांचेच बरोबर होते, असे माझे मत आहे. आपल्या बडोद्यात तर सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्येच बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा केला. ते सरकार परके नव्हते, आणि तरीही लोकांनी नाके मुरडलीच. घराची अब्रू आणि घरातल्या लेकराचे अंग, यांत आधी काय, हा वाद तेव्हाही तोच होता.

दोन चाव्या

डेव्हिड फिंकेलहोर या समाजशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये अशी मांडणी केली की, मुलाचा छळ होण्याआधी चार अडथळे ओलांडले जातात. माणसाच्या मनात तशी इच्छा असावी लागते. स्वतःच्या सद्सद्विवेकाला त्याने गप्प केलेले असावे लागते. बाहेरचे अडथळे, म्हणजे लोकांच्या नजरा, नियम, देखरेख, त्याने चुकवावे लागतात. आणि शेवटी मुलाचा विरोध मोडावा लागतो. आपण सगळा भर चौथ्यावर देतो: मुलाला शिकवा, चांगला स्पर्श, वाईट स्पर्श. शिकवावेच. पण पंचाहत्तर किलोच्या माणसाला वीस किलोच्या मुलाने थोपवावे, ही अपेक्षा कितपत शहाणपणाची? पहिले दोन अडथळे दुसऱ्याच्या मनातले; तिथे आपला हात पोहोचत नाही. उरतो तिसरा.

बँकेत तिजोरीला दोन चाव्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. तीस वर्षे निष्कलंक नोकरी केलेला हेडकॅशियरही एकट्याने तिजोरी उघडत नाही. त्याला कधी असे वाटत नाही की, बँक आपल्याला चोर समजते. नाजूक जागेवरच्या माणसाला वर्षातून काही दिवस सलग सक्तीची रजा दिली जाते, आणि त्या दिवसांत त्याचे टेबल दुसरा सांभाळतो. कधीही रजा न घेणारा, सगळ्यांचे काम आपणहून अंगावर घेणारा, ज्याच्याकडे कोणी संशयाने बघणारच नाही असा कर्मचारी, याच वर्णनाची माणसे पुढे अफरातफरीच्या चौकश्यांत निघालेली मी पाहिली आहेत. म्हणून नियम माणूस बघून लावायचा नसतो. तो सगळ्यांना सारखा लावला की कोणाचाच अपमान होत नाही.

आपले मराठी समाज महाराष्ट्राबाहेर राहून टिकले ते एकमेकांवरच्या विश्वासावर. आडनाव आणि मूळ गाव कळले की दार उघडते, सुट्टीत मुलांना एकमेकांच्या घरी ठेवले जाते, तालमीनंतर कोणीही कोणाच्या मुलाला गाडीवर बसवून घरी सोडतो. हे सगळे मला प्रिय आहे आणि ते बंद व्हावे असे मी म्हणत नाही. पण बालनाट्याच्या तालमी, पेटी-तबल्याचे वर्ग, अथर्वशीर्षाचे पाठांतर, उन्हाळी संस्कार शिबिर, मुलांची सहल, यांतल्या कशाचीही आपल्याकडे लेखी अशी काही पद्धत नाही. सभागृहाच्या पंख्याचे बिल तीन सह्यांशिवाय मंजूर होत नाही आणि तीस मुले मात्र एका माणसाच्या भरवशावर मुक्कामी जातात.

काही गोष्टी पैसे न लागता करता येतील. मुलांबरोबर कोणत्याही कार्यक्रमात किमान दोन मोठी माणसे, आणि ती एकाच घरातली नसावीत. वर्ग चालू असताना दार उघडे, किंवा दाराला काच. एकट्या मुलाला एकट्या मोठ्याने गाडीवरून सोडायचे झाल्यास आईवडिलांना आधी फोन. मुक्कामी शिबिरात मोठ्यांची झोपण्याची जागा वेगळी. कपडे बदलताना, स्नानाच्या वेळी मुलांची छायाचित्रे नाहीत, गटावर टाकणे तर दूरच. कोणी तक्रार केली तर ती ऐकायला दोन नावे, त्यांपैकी एक स्त्री, फलकावर फोन क्रमांकासह लावलेली. आणि ती तक्रार कार्यकारिणीत "सामोपचाराने" मिटवायची नसून कायद्याने सांगितलेल्या जागी पोहोचवायची आहे, हे त्या दोघांनाही आधीच ठाऊक असावे.

यावर एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले, "म्हणजे आता आम्ही नातवंडांना जवळही घ्यायचं नाही का?" घ्यायचे, जरूर घ्यायचे. मूल स्वतः येऊन मांडीवर बसते आणि उठावेसे वाटले की उठून जाते, त्यात कसली भीती? प्रश्न दाराआडच्या, गुपिताच्या आणि नकाराला न जुमानणाऱ्या स्पर्शाचा आहे.

यंदाचे शिबिर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आहे. त्याच्या आधीच्या कार्यकारिणीच्या बैठकीत वरील मुद्दे विषयपत्रिकेवर घ्यावेत, असे पत्र मी सचिवांकडे दिले आहे. ज्या सभासदांना त्यात भर घालायची असेल किंवा काही खटकत असेल, त्यांनी बैठकीआधी लेखी कळवावे.